धर्मप्रांताचे फादर की संस्थेचे? पाचारण ओळखताना

पीयूसी किंवा डिग्री झाली, देव बोलावतोय असं मनात पक्कं बसलंय, पण अर्ज कुठं करायचा ते ठरत नाही, अशी मुलं आमच्या खानापूर-बेळगाव भागात नेहमी भेटतात. समोर बहुधा दोन वाटा असतात: बेळगाव धर्मप्रांताचा, म्हणजे इथल्या बिशपांच्या हद्दीतला कॅथलिक धर्मगुरू व्हायचं, की जेझुइट, सलेशियन अशा एखाद्या धर्मसंस्थेत व्रतस्थ व्हायचं. श्रेष्ठ कोणती, हा वाद सोडून दे. आयुष्य कुणासोबत आणि कुणाच्या आज्ञेत काढायचं, ते आधी बघ.

धर्मप्रांताचा धर्मगुरू बिशपस्वामींना आज्ञापालनाचं वचन देतो, ब्रह्मचर्य स्वीकारतो. निर्धनतेचं व्रत घेत नाही. 1953 साली स्थापन झालेला हा धर्मप्रांतच त्याचं घर. बदल्या होतात, पण सहसा त्याच हद्दीत. आज मराठीत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), उद्या कोकणीत, आणि धारवाडकडं गेलं की कानडीत पापनिवेदन ऐकायचं. मराठी शाळेत शिकलास म्हणून घाबरू नको, मात्र कानडी मनापासून शिकावी लागेल.

संस्थेत ब्रह्मचर्य, निर्धनता, आज्ञापालन अशी तिन्ही व्रतं. वरिष्ठ पाठवतील तिथं जायचं, मग ते राज्याबाहेर का असेना.

फरक खरा कळतो तो रोजच्या जगण्यात. खेड्यातल्या फादरांचा रविवार बघ: सकाळची मिस्सा, मग मोटरसायकलनं लांबच्या वाडीवर दुसरी, दुपारी कुणाची मयत, संध्याकाळी चर्चच्या हिशेबाची वही. रात्री झाकून ठेवलेलं ताट उघडून एकट्यानं जेवायचं. हे एकटेपण काहींना प्रार्थनेत खोल नेतं, काहींना आतून पोखरतं. संस्थेच्या घरात ठरल्या वेळी प्रार्थना, एकत्र जेवण, आणि ज्याच्याशी पटत नाही त्याच्याच शेजारची खुर्ची. माझ्या मते, घरात भावंडांशी कसं जमतं हे इथं शाळेतल्या मार्कांपेक्षा जास्त सांगून जातं.

आता घरचा प्रश्न. हा बोलायला मुलं लाजतात, म्हणून मीच बोलतो. आई-वडील थकलेत आणि शेताच्या उताऱ्यावर तुझं नाव आहे. धर्मप्रांतीय धर्मगुरूच्या नावावर जमीन राहू शकते; मानधन थोडं असतं, पण त्यातून घरी हातभार लावता येतो. व्रतस्थाला पहिल्या व्रतांआधी मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडं सोपवावा लागतो, आजन्म व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागतं. पुढं तो स्वतःच्या कामातून जे कमावेल ते संस्थेचं. आणि सोसायटीचं कर्ज तुझ्या अंगावर असून फेडता येत नसेल, तर नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीच्या काळात, घेऊ नये असं चर्चचा कायदाच सांगतो. लपवू नको. आधी घर मार्गी लाव, देव थांबतो.

नॉव्हिशिएट किमान 12 महिन्यांचं. त्यानंतर बहुतेक संस्थांत तात्पुरती व्रतं, किमान 3 वर्षांची. मुदत संपली की बाहेर पडायला मोकळा. जेझुइटांचं वेगळं: 2 वर्षांच्या नॉव्हिशिएटनंतरची पहिलीच व्रतं कायमची असतात. धर्मगुरू व्हायचं तर दोन्हीकडं तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान 6 वर्षं. म्हणून आई-वडिलांना आजच सांगून ठेव की मुलगा परत आला तर ती नामुष्की नाही. गावातल्या कुजबुजीला भिऊन आत राहिलेला माणूस स्वतःही सुखी होत नाही, लोकांचंही भलं करत नाही.

वेदीपेक्षा कामात आणि शिकवण्यात जीव रमत असेल, तर धर्मगुरू न होता, ब्रदर म्हणून आयुष्यभर व्रतस्थ राहता येतं. ही वाट आपल्याकडं फार कमी जण विचारात घेतात. मुलींनी आधी हे बघावं: शाळा-दवाखान्यातली सेवा, की मठाच्या आतलं प्रार्थनेचं जीवन? व्रतांबद्दल आणि घराबद्दल वर लिहिलंय ते त्यांनाही लागू.

जेझुइटांचे संस्थापक संत इग्नाशियस सांगतात, मन उदास, कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. त्यांचा आणखी एक उपाय मला फार मोलाचा वाटतो: तुझ्याच परिस्थितीतला अनोळखी मुलगा सल्ला मागायला आला असता, तर त्याला काय सांगितलं असतंस?

पाचारणाच्या शिबिरातली गाणी ऐकून सही करू नको. सण नसलेल्या आठवड्यात दोन्हीकडं राहायची परवानगी माग, आणि तिथल्या म्हाताऱ्या फादरांशी निवांत बोल.