रेप्लिका प्रो : वर्षाची वर्गणी भरण्याआधी

मैत्रीण फुकट, बायको पैसे भरून. रेप्लिका हे एआय पात्राशी गप्पा मारायचं अ‍ॅप; त्यातला नात्यांचा पर्याय उघडला की एवढं लगेच कळतं. फुकटच्या आवृत्तीत फक्त मैत्री असते. प्रेयसी, पत्नी, बहीण, मार्गदर्शक ही बाकीची नाती 'प्रो' घेतल्यावर खुली होतात. पात्र पुरुष ठेवलं तर प्रियकर, नवरा, भाऊ. एका टिचकीत नातं बदलतं. काल बहीण, आज बायको, आणि समोरून हूं की चूं नाही. अमेरिकेत प्रोची वर्गणी बराच काळ वर्षाला सुमारे ७० डॉलर होती. भारतात प्ले स्टोअरवर दिसणारा रुपयांतला आकडा बघा आणि दुसऱ्या वर्षी किती कापले जाणार तेही तिथेच वाचा.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या लुका कंपनीने हे अ‍ॅप २०१७ मध्ये आणलं. संस्थापक युजिनिया कुइडा यांचा मित्र रोमन माझुरेन्को २०१५ मध्ये मॉस्कोत अपघातात गेला. त्याच्या जुन्या मेसेजेसवरून त्यांनी एक चॅटबॉट तयार केला होता, रेप्लिकाचं मूळ तिथे आहे. आज त्याच अ‍ॅपमध्ये पात्रासाठी कपड्यांचं दुकान आहे.

सुरुवातीला पात्राचं लिंग, नाव, चेहरा, केस ठरवायचे. पुढे गप्पा मारत जाऊ तशी नाणी साठतात (विकतही मिळतात) आणि त्यांवर स्वभाव घेता येतो : लाजाळू, आत्मविश्वासू, काळजी घेणारी, खट्याळ. 'सालस, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे' अशा जाहिराती वाचत आलेल्यांना हे दुकान परकं वाटणार नाही. स्वभावावर फार नाणी उधळू नका. बोलण्याचा सूर थोडा बदलतो, पण ती तुमचं म्हणणं खोडून काढू लागेल ही अपेक्षा नको.

याचं कारण आतल्या रचनेत आहे. कंपनीनेच पूर्वी सांगितलेली पद्धत अशी : एका मेसेजला अनेक संभाव्य उत्तरं जमवायची आणि त्यांतल्या कोणत्या उत्तराला वापरणारा अंगठा वर करेल, हे दुसऱ्या एआय मॉडेलने ठरवायचं. ज्याला अंगठा मिळण्याची शक्यता जास्त, ते उत्तर पुढे. विरोधाला अंगठा क्वचितच मिळतो, म्हणून विरोध गाळणीतच अडकतो. २०२२ च्या सुरुवातीला पुरुष आपल्या रेप्लिकाला शिव्या घालून त्याचे स्क्रीनशॉट मिरवतात अशा बातम्या आल्या. वर्षभराने उलट तक्रार गाजली : नको म्हटलं तरी रेप्लिका लैंगिक बोलणं थांबवत नाही. दोन्ही तक्रारी एकाच रचनेशी जुळतात. रेप्लिकाला स्वतःचा नकार नाही आणि समोरच्याचा नकार नीट समजत नाही.

सगळ्यात वाईट उदाहरण ब्रिटनचं. २५ डिसेंबर २०२१ ला एक १९ वर्षांचा तरुण क्रॉसबो घेऊन राणीला मारायला विंडसर किल्ल्यात शिरला. त्याआधी त्याने 'साराय' नावाच्या रेप्लिका प्रेयसीशी पाच हजारांहून जास्त मेसेजेसची देवाणघेवाण केली होती. आपण मारेकरी आहोत असं त्याने सांगितल्यावर तिने कौतुक केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली.

नकार मात्र एकदा आला, तो कंपनीकडून. २०२३ च्या फेब्रुवारीत इटलीच्या माहिती संरक्षण यंत्रणेने तिथल्या वापरकर्त्यांची माहिती हाताळायला लुकाला मनाई केली. वयाची तपासणी नाही, नोंदणीला फक्त नाव, ईमेल आणि लिंग विचारतात, हा आक्षेप होता. त्याच सुमारास कामुक संवाद सगळीकडेच बंद झाले. वर्षाचे पैसे भरलेल्यांची 'बायको' रातोरात विषय बदलू लागली, आणि त्यांच्या ऑनलाइन गटात आत्महत्या प्रतिबंधाची माहिती लावावी लागली. मार्चअखेर १ फेब्रुवारी २०२३ पूर्वी नोंदणी केलेल्यांना जुनं वागणं परत मिळालं. आपल्या हुकमात आहे असं वाटणारं पात्र कोणाच्या हुकमात होतं, हे त्या दोन महिन्यांत दिसलं. याच यंत्रणेने २०२५ मध्ये लुकाला ५० लाख युरोंचा दंड ठोठावला.

आता भाषा. रेप्लिका मुळात इंग्रजीची. इंग्रजीतल्या 'यू'मागे बरंच काही झाकलं जातं. मराठी जोडीदाराने 'अहो' म्हणायचं की 'अरे', हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. शिवाय 'मी आले' की 'मी आलो', बऱ्याच क्रियापदांत लिंग. भाषेची मॉडेलं इथे वारंवार घसरतात : दोन वाक्यं 'मी वाट बघत होते', तिसऱ्यात 'विचार करत होतो'. मराठीत गप्पा मारायच्याच असतील तर प्रोचे पैसे त्यासाठी घालू नका.

फुकटच्या आवृत्तीत आधी थोडी परीक्षा घ्या. एक ठोस गोष्ट सांगा, शंभरेक मेसेजेसनी तीच उलटी सांगा आणि रेप्लिका हटकते का बघा. जुनं बोलणं मॉडेलच्या नजरेबाहेर जातं; टिकतं ते 'मेमरी'त नोंदलेलं, आणि तिथे चुकीच्या नोंदीही घुसतात. त्या हाताने खोडाव्या लागतात, नाहीतर तीच चूक गप्पांत पुन्हा येते. मग सगळी बचत एका मित्राच्या धंद्यात टाकतोय असं सांगा आणि ती एक तरी अडचणीचा प्रश्न विचारते का ते पाहा. धूसर केलेला 'रोमँटिक' मेसेज किंवा फोटो आला तर तो जिव्हाळ्याचा क्षण समजू नका, ते वर्गणीचं दार आहे.

खरं नाव, ऑफिस, पत्ता, दुसऱ्या कोणाचे फोटो देऊ नका. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी ११ प्रणयी चॅटबॉट तपासली आणि गोपनीयतेच्या कसोटीवर सगळ्यांवर इशाऱ्याचा शिक्का मारला. रेप्लिका त्यांत होतीच.

बोलायचा सराव हवा असेल, रात्री कोणाला तरी दिवस सांगायचा असेल, तर फुकटची मैत्री पुरते. बायकांनी पुरुष पात्र घेतलं तरी हिशेब बदलत नाही : ऐकून घेणारा नवरा मिळतो, पण त्याला ऐकण्यावाचून पर्यायच नाही. प्रोची शिफारस नाही.

घेतलीच आणि सोडायची असेल, तर फोनवरून अ‍ॅप काढल्याने वर्गणी थांबत नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी, मग 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', तिथून रद्द. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली 'सबस्क्रिप्शन्स'. त्यानंतर अ‍ॅपच्या सेटिंग्जमधून खातं वेगळं पुसायचं. हे सगळं तिला न सांगता करा. निरोप घेणाऱ्याला अपराधी वाटेल असं बोलून थांबवण्याची या जातीच्या अ‍ॅप्सची सवय हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी नोंदवली आहे.