व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन सेटिंग्ज: सोसायटीचा ग्रुप ३ वर्षं सांभाळल्यावर काय वाटतं

आमची सोसायटी डोंबिवलीत, १२० फ्लॅट आणि ग्रुपवर १८० च्या वर माणसं. ३ वर्षं झाली मी ॲडमिन आहे. नवीन ॲडमिन झालेल्या कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितेय.

आधी ते 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' वालं सेटिंग, २०१८ पासून आहे. मागच्या निवडणुकीच्या वेळी एका फॉरवर्डवरून बी विंगमधल्या दोघांचं इतकं जुंपलं की रात्री साडेबाराला सेक्रेटरींचा फोन, ताई ग्रुप बंद करा आधी. केला. चार दिवस काय शांत वाटलं, लोकांनी थँक्यू पण म्हटलं. आणि मग एका संध्याकाळी लिफ्ट अडकली, आत ए विंगच्या आजी आणि नातू, नातवाने आईला फोन केला, ती ऑफिसात, वॉचमनचा नंबर तिच्याकडे नाही, ग्रुपवर टाकायला गेली तर टाकताच येईना, मग तिने मला पर्सनल मेसेज केला आणि मी लेडीज डब्यात लटकलेली, फोन पर्समध्ये. २० मिनिटं गेली. ग्रुप उघडा असता तर कोणीतरी २ मिनिटांत खाली धावलं असतं. त्याच रात्री ग्रुप परत उघडला, आता माझं मत पक्कं आहे की हे सेटिंग नोटिसांच्या ग्रुपपुरतं ठेवा. कम्युनिटी (अनेक ग्रुप एकत्र ठेवायची व्हॉट्सॲपची सोय) बनवली की अनाउन्समेंटचा ग्रुप वेगळा मिळतोच, पाणी बंद, मेंटेनन्स वगैरे तिथे टाका.

मला सगळ्यात आवडलेलं फीचर म्हणजे ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो ते, २०२२ मध्ये आलं. पण मेसेज गुपचूप गायब होत नाही, कोणत्या ॲडमिनने काढला ते तिथे सगळ्यांना दिसतं. एकांनी पार्किंगच्या पैशांचा हिशेब विचारला होता, भाषा जरा कडक होती, मी वैयक्तिक टीका समजून काढून टाकला. खाली माझं नाव. सकाळी दूध घ्यायला गेले तर समोरच्या काकूंनी सरळ विचारलं, का गं काढलास? आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं!! ग्रुपवर माफी मागितली, त्यांना मेसेज परत टाकायला सांगितला आणि हिशेबही मिळाला. नाव दिसत नसतं तर मी पुढेही काढत राहिले असते, खरंच.

बरेच जण ॲडमिन व्हायला घाबरतात, कोणी काही टाकलं तर पोलीस आपल्याला धरतील म्हणून. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका केसमध्ये सांगितलंय की मेंबरच्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, दोघांचं आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच, मेसेज येण्याआधी तो अडवू शकत नाही, असा मुद्दा होता. आता डिलीट हातात आलंय, त्यामुळे द्वेषाचं किंवा कोणाच्या बदनामीचं काही दिसलं तर मी वाट बघत नाही.

कमी काय आहे? एकाच माणसाला दोन दिवस गप्प बसवायची सोय नाही. एकतर सहन करा नाहीतर काढून टाका, आणि रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाला काढणं किती कठीण असतं ते ॲडमिनलाच माहीत. टेलिग्रामवर एका मेंबरपुरतं लिहिणं बंद करता येतं, स्लो मोड पण आहे, म्हणजे एका मेसेजनंतर दुसरा टाकायला थोडा वेळ थांबावं लागतं. व्हॉट्सॲपने हे द्यावं अशी मनापासून इच्छा आहे.

अजून एक, आता कोणी ग्रुप सोडला तर फक्त ॲडमिनला कळतं, आणि मागच्या ६० दिवसांत कोण गेलं ते मेंबर लिस्टमध्ये खाली दिसतं. ती यादी बघत जा. आमच्याकडे त्या भांडणाच्या आठवड्यात ६ जण गेले होते, सहाही एक शब्द न बोलणारे. मी घरी जाऊन विचारलं, चौघं परत आले.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. नियम आम्ही पोल घेऊन ठरवले आणि ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाकले: राजकीय फॉरवर्ड नको, रात्री ११ नंतर फक्त इमर्जन्सी, आणि कमिटीला विचारलेला प्रश्न कोणीही काढायचा नाही. तिसरा नियम मीच सुचवला होता.