नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड: खटले दिसतात, आतला माणूस दिसत नाही

मी फौजदारी वकिली करते, त्यातलं बरंचसं काम विधी सेवेकडून येणारं, म्हणजे ज्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत असे लोक. त्यामुळे एनजेडीजी म्हणजे नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड ही देशभरातल्या कोर्टांतल्या खटल्यांचे आकडे दाखवणारी सरकारी साइट आणि सोबतचं, एकेक केस शोधायचं ई-कोर्ट्स ॲप माझ्या मोबाइलवर सतत उघडं असतं. वकिलांच्या ग्रुपवर अधूनमधून विचारणा होते की याचा खरंच उपयोग आहे का नुसते आकडे टाकलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उपयोग आहे आणि चांगला आहे, हे आधी सांगते. लॉगिन नाही, फी नाही, कुणीही उघडावं. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये जिल्हा कोर्टांची माहिती लोकांना खुली झाली, सुप्रीम कोर्टाचे स्वतःचे आकडे १४ सप्टेंबर २०२३ ला आले. आज जिल्हा आणि तालुका कोर्टांत मिळून ४ कोटींच्या वर खटले प्रलंबित आहेत हे कुठल्याही पत्रकाराला, विद्यार्थ्याला किंवा आरोपीच्या भावाला घरबसल्या कळतं. पूर्वी ही माहिती काढायला अर्ज करून महिनोनमहिने वाट बघायला लागायची.

वापरायला असं आहे. राज्य निवडा, जिल्हा निवडा, मग कोर्ट, आणि प्रलंबित खटले वयाप्रमाणे लावलेले दिसतात, ० ते १ वर्ष, १ ते ३, ३ ते ५, ५ ते १०, १० ते २०, आणि खाली ३० वर्षांच्या वरचेसुद्धा. दिवाणी वेगळे, फौजदारी वेगळे. मागच्या महिन्यात किती दाखल झाले आणि किती निकाली निघाले तेही. एखादी विशिष्ट केस बघायची तर ॲपवर १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतःचा नंबर, टाकायचा, पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, शेवटचे चार आकडे वर्ष. सीएनआर नसेल तर पक्षकाराचं नाव, वकिलाचं नाव किंवा पोलीस स्टेशन आणि एफआयआर नंबर टाकून पण सापडते, आणि नातेवाइकांच्या हातात बहुतेक वेळा फक्त एफआयआरची कॉपी असते त्यामुळे ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. केस उघडली की तारखांचा पूर्ण इतिहास खाली येतो आणि प्रत्येक तारखेसमोर ती कशासाठी होती ते: अवेटिंग समन्स, अवेटिंग वॉरंट, एव्हिडन्स, आर्ग्युमेंट. एका जुन्या आरसीसीमध्ये, म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केसमध्ये, हा कॉलम वरून खाली वाचत गेलात तर पानभर फक्त अवेटिंग समन्स अवेटिंग समन्स दिसतं, म्हणजे साक्षीदारापर्यंत कागदच पोचत नाहीये, आणि बाहेर सगळे बोलतात की वकील तारखा घेतात. वकील घेतातच, मी नाकारत नाही, पण त्या केसमध्ये अडलंय कुठे ते कागदावर दिसतं आणि पुढच्या तारखेला ती प्रिंट कोर्टापुढे ठेवता येते. मी ठेवते. फरक पडतो.

आता आकडे वाचताना काय सांभाळायचं ते. फौजदारी खटले ३ कोटींच्या वर आहेत असं वाचलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे खून दरोडे येतात. पण त्यात आपल्याकडचे एससीसी पण आहेत, म्हणजे समरी क्रिमिनल केस, आणि त्यात चेक बाउन्सचे म्हणजे कलम १३८ चे ढीग पडलेले असतात. चेक परत गेलेला आणि माणूस मेलेला, दोन्ही फौजदारीच्याच बेरजेत. केस टाइप वेगळा काढून बघितल्याशिवाय त्या मोठ्या आकड्यावरून कुठल्याही कोर्टाबद्दल मत बनवू नका.

तसंच निकालांचं. दाखल झालेल्यांच्या तुलनेत निकाली निघालेल्यांची टक्केवारी शंभरच्या वर गेली की कोर्ट जोरात चाललंय असं वाटतं, पण राष्ट्रीय लोकअदालत झाली त्या महिन्यात किरकोळ केसेस एका दिवसात गठ्ठ्याने निघतात आणि आकडा उडी मारतो. सेशन्स कोर्टातली साक्षीपुराव्याची एक केस आणि गुन्हा कबूल करून दंड भरून संपलेली एक केस, दोन्ही एकेकच मोजल्या जातात. आपल्याकडे न्यायाधीशांच्या कामाचे युनिट म्हणजे गुण ठरलेले आहेत, त्यात तरी अवघड केसला जास्त वजन आहे, ग्रिडच्या पहिल्या पानावर तेवढंही नाही. उशिराची कारणं दाखवणारा भाग चांगला आहे, वकील हजर नाही, आरोपी फरार, साक्षीदार नाही, वरच्या कोर्टाची स्थगिती वगैरे, पण ते कारण भरलेल्या खटल्यांपुरतंच आहे आणि सगळ्या खटल्यांना कारण भरलेलं नाही. कारकुनावर आधीच एवढं काम असताना तो कुठला पर्याय घाईत निवडतो तेही लक्षात घ्या.

हे सगळं झालं कामगिरीचं. माझी खरी तक्रार न्यायाबद्दल आहे. एक केस सांगते, कोर्टाचं नाव सांगत नाही. चोरीचा आरोप, मजुरी करणारा मुलगा, जामीन अर्ज मंजूर झाला. त्याच दिवशी ॲपवर अर्जाचं स्टेटस आलं: केस डिस्पोज्ड, अलाउड. ग्रिडच्या दृष्टीने एक अर्ज वेळेत निकाली, उत्तम कामगिरी. मुलगा मात्र आतच, कारण ऑर्डरमध्ये सॉल्व्हंट म्हणजे ऐपतीचा पुरावा देऊ शकणारा जामीनदार मागितला होता आणि त्याच्या ओळखीत सातबारा किंवा पगारपत्रक असलेला एकही माणूस नव्हता. कॅश बेलसाठी, म्हणजे जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून सुटण्यासाठी, अर्ज केला, मग रक्कम कमी करून घेण्यासाठी, आणि त्या प्रत्येक अर्जाची परत एक डिस्पोज्ड नोंद होत गेली. तो किती दिवस आत होता हे त्या स्क्रीनवर कुठेच नाही, आणि आरोपी कोठडीत आहे की बाहेर यावर मी पूर्ण जिल्ह्याचे खटले लावून बघू म्हटलं तर तशी सोयच नाही.

हा एका मुलाचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. एनसीआरबी म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंग अहवालात देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत, आणि त्यातले ११ हजारांच्या वर लोक ५ वर्षांहून जास्त काळ आत. त्या अहवालात जात, धर्म, शिक्षण पण असतं आणि कोण जास्त आत आहे ते बघितलं की समजायचं ते समजतं. पण तो अहवाल वर्षातून एकदा निघतो, ३१ डिसेंबरची स्थिती सांगतो, हातात येईपर्यंत बरेच महिने गेलेले असतात, आणि त्यात कोर्टनिहाय काही नाही. ग्रिड रोजची, कोर्टनिहाय, पण त्यात माणूस नाही. दोन्ही सरकारीच, दोन्ही एकमेकांना जोडून बघायची वाट लोकांसाठी बंद.

यावर कुणी म्हणेल की आरोपीची जात वगैरे डेटात आणली तर उलट भेदभाव होईल. ही भीती मला मान्य आहे, पारधी समाजातल्या आरोपीकडे ठाण्यात कसं बघतात ते मी जवळून बघितलंय. पण अमेरिकेत काय झालं ते बघा. तिथे कंपास नावाचं सॉफ्टवेअर आरोपी पुन्हा गुन्हा करेल का यावर १ ते १० गुण देतं. २०१६ मध्ये प्रोपब्लिकाच्या पत्रकारांनी फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतल्या ७ हजारांहून जास्त लोकांचे गुण आणि पुढच्या २ वर्षांत प्रत्यक्ष काय झालं ते जुळवलं, तर ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही अशा काळ्या आरोपींपैकी सुमारे ४५ टक्के लोकांना जास्त धोक्याचं ठरवलेलं होतं, गोऱ्यांमध्ये हेच सुमारे २३ टक्के. कंपनीने ते मान्य केलं नाही, न्याय्य कशाला म्हणायचं यावरच संशोधकांमध्ये मोठा वाद झाला, पण तो वाद होऊ शकला कारण नोंदी उघड होत्या आणि त्यात वंश लिहिलेला होता. आपल्याकडे उद्या कुणी असं काही आणलं तर तपासायचं कशाच्या जोरावर? नावं झाकून, नुसत्या बेरजा कोर्टनिहाय दिल्या तरी चालेल, कुणाला किती दिवसांत जामीन मिळाला आणि मिळाल्यावर किती दिवसांनी सुटला, एवढंच.

आणि हे अशक्य नाही. पोलीस, कोर्ट, तुरुंग, फॉरेन्सिक आणि सरकारी वकील यांच्या नोंदी जोडणारी आयसीजेएस यंत्रणा आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९ मध्ये पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बाँडवर सोडायचं, इतरांसाठी अर्धा काळ, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि मुदत भरली की तुरुंग अधीक्षकानेच कोर्टाला अर्ज द्यायचा असं लिहिलंय. एकापेक्षा जास्त केसेस असतील तर गुंता होतो, कबूल, पण बाकी हिशोब तारखेचा आहे, कॉम्प्युटरने आधीच अलर्ट द्यावा असा. जामीन मंजूर होऊन ७ दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं असं सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या जानेवारीतच सांगितलंय. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी मंजूर आहेत. त्यातून ग्रिडवर एक कॉलम कोठडीच्या दिवसांचा यावा एवढीच माझी मागणी आहे.

केस शोधायला ५ पैकी साडेचार, कोर्टाचं काम समजून घ्यायला साडेतीन, कुणावर अन्याय होतोय का ते बघायला एकच.

तुमच्या घरचं कुणी आत असेल तर सीएनआर लिहून ठेवा, तारखा ॲपवर बघत राहा, पण जामीन अर्जापुढे डिस्पोज्ड दिसलं म्हणून तो सुटला असं समजून बसू नका. ऑर्डरची कॉपी काढा, अटी वाचा, जामीनदार मिळत नसेल तर त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा, बहुतेक जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, आणि कोठडीतल्या माणसाला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट त्याला लागत नाही.