‘सीग्रास’ची टोपली: कांद्यांसाठी छान, लेबलवर मात्र विश्वास ठेवू नका

फेब्रुवारीत दादर पश्चिमेच्या एका घरसजावटीच्या दुकानातून मी ही ‘सीग्रास’ची, म्हणजे समुद्री गवताची म्हणून विकली जाणारी टोपली घेतली. किंमत १,३५० रुपये. तोंड साधारण चौदा इंच, दोन कान, रंग वाळलेल्या गवताचा आणि मधोमध काळ्या विणीचा एक पट्टा. आठ महिने रोज वापरते आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

विणकाम घट्ट आहे. पाच किलो कांदे भरून उचलली तरी कान सैल झाले नाहीत. हवा खेळती राहते, त्यामुळे कांदे टिकतात. बटाटे मी यात ठेवत नाही, उजेड लागून हिरवे पडतात. जुलैत मात्र तळाला पांढरा बुरा धरला. आमची इमारत जुनी, पावसाचे चार महिने स्वयंपाकघराची भिंतसुद्धा दमट असते. कोरड्या ब्रशने घासून, ऊन पडलं ते दोन दिवस गॅलरीत ठेवली, तेव्हा बुरा गेला. तेव्हापासून ती लोखंडी स्टँडवर असते, फरशीवर नाही. धुऊ नका, गवत फुगतं. बुरुडाकडची बांबूची टोपली हिच्या पाचव्या हिश्शात मिळते आणि ती धुताही येते, हे किंमत मोजण्याआधी लक्षात घ्या.

आता लेबल. कानाला सुतळीने बांधलेल्या पुठ्ठ्यावर छापलंय की हे शंभर टक्के समुद्री गवत आहे, समुद्राच्या तळावरून कापलेलं, झपाट्याने पुन्हा वाढणारं आणि म्हणून पर्यावरणाला पोषक. दुकानातला मुलगाही म्हणाला, “काकू, समुद्रातलंच आहे. कापलं की परत येतं.” त्याला जे सांगितलं गेलं तेच त्याने मला सांगितलं. पण मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे, आणि खरं सागरी गवत मी हातात धरलेलं आहे.

१९९१ च्या जानेवारीत आम्ही मुलांची सहल घेऊन तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मंडपमला गेलो होतो. पाल्कच्या उपसागरात ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पायाखाली शेत असल्यासारखं वाटायचं, हिरव्या पट्ट्या एका दिशेने वाकलेल्या, त्यांच्यात इवले मासे. मुलं त्याला शेवाळ म्हणत होती. मी सांगितलं, याला मुळं आहेत, गाळात आडवं सरकणारं खोड आहे, पाण्याखालीच फूल येतं आणि परागही पाण्यातूनच जातात. किनाऱ्यावर वाहून आलेली सायमोडोसिया या सागरी गवताची पाती मी वेचून आणली होती. ती वाळवून कागदावर चिकटवली, ती हर्बेरियम शीट अजून कपाटात आहे.

म्हणून मी टोपलीच्या तळातून बोटभर तुकडा काढला आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवला. देठ बहुतेक ठिकाणी उभा चिरलेला होता, पण जिथे अखंड राहिला होता तिथे ब्लेडने छेद घेतला तर तो त्रिकोणी आणि आत भरीव. वरची साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर पर्णरंध्रांच्या, म्हणजे हवा आत-बाहेर करणाऱ्या बारीक छिद्रांच्या, ओळीच्या ओळी. शेजारी मंडपमच्या पात्याचा भिजवलेला तुकडा ठेवला. त्यावर एकही रंध्र नाही. असायचं कारणच नाही. पाण्यात बुडालेलं पातं विरघळलेला कार्बन थेट त्वचेतून घेतं, हवेसाठी दारं उघडायची-मिटायची त्याला गरज पडत नाही.

तेव्हा त्रिकोणी, भरीव देठावरून ही टोपली लव्हाळ्याच्या, नागरमोथ्याच्या कुळातल्या गवताची आहे. बाजारात ‘सीग्रास’ या नावाने जे विकलं जातं ते बहुधा हेच असतं: व्हिएतनाम आणि आसपासच्या देशांत मचूळ पाण्याच्या शेतांत लावलेलं, कापणी केली की बुंध्यातून पुन्हा फुटणारं. शेतकऱ्याचं चांगलं पीक आहे. लेबलवर तेवढं लिहिलं असतं तर मी समाधानाने टोपली उचलली असती.

राग आला तो ‘समुद्राच्या तळावरून कापलेलं, झपाट्याने वाढणारं’ या शब्दांचा. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया या सागरी गवताचं आडवं खोड वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पुढे सरकतं. ते कापून टोपल्या विणता येतील असं गिऱ्हाइकाच्या मनात बसणं वाईट आहे, आणि आज तर फारच वाईट, कारण न कापताही ते गवत अडचणीत आहे.

ती अडचण मला घरखर्चासारखी दिसते. पाणी तापलं की झाडाचं श्वसन वाढतं, म्हणजे खर्च वाढतो. तो भागवायला जास्त प्रकाश हवा. सागरी गवताला एरवीच पृष्ठभागावरच्या उजेडाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास तरी प्रकाश लागतो, शेवाळापेक्षा खूप जास्त, कारण मुळं आणि खोडही पोसायचं असतं. नेमका तोच उजेड गाळाने आणि सांडपाण्यावर पोसलेल्या शेवाळाने अडतो. त्यात ऑक्सिजन कमी पडला की चिखलातलं विषारी सल्फाइड मुळांतून आत शिरतं. एकेक संकट झाड सोसतं, पण ही सगळी एकदम येतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये हे घडलं. २०१०-११ च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी नेहमीपेक्षा २ ते ४ अंशांनी तापलं आणि गवताच्या कुरणांचा सुमारे ३६ टक्के भाग उद्ध्वस्त झाला. मुळांच्या जाळ्याने शतकानुशतकं धरून ठेवलेला कार्बन मोकळा झाला; पुढच्या तीन वर्षांत २० ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडल्याचा अंदाज आहे. त्याच आखातात पोसिडोनियाच्या तिथल्या जातीचं एकच झाड सुमारे १८० किलोमीटर पसरलेलं आहे, वय साधारण ४,५०० वर्षं. २०२२ मध्ये ही बातमी वाचली तेव्हा मी सुनेला हाक मारून ती मोठ्याने वाचून दाखवली होती.

सगळंच वाईट घडतं असंही नाही. इटलीत इस्किया बेटाजवळ समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. तिथल्या आम्लधर्मी पाण्यात शिंपले झिजतात, पण गवत दाट वाढतं, त्याला खाद्यच मिळतं. मात्र अशा झऱ्यांजवळच्या पात्यांत, चहाला तुरटपणा देणाऱ्या टॅनिनच्या कुळातली संरक्षक द्रव्यं कमी झालेली आढळली आहेत, म्हणजे चरणाऱ्यांना आणि रोगाला तोंड देण्याची ताकद घटू शकते. २००३ च्या उष्ण उन्हाळ्यानंतर भूमध्यातलं पोसिडोनिया, जे एरवी क्वचित फुलतं, ते भरभरून फुललं. संकटात बी धरायची झाडांची ही धडपड मी आयुष्यभर वर्गात शिकवली, तरी ते वाचताना गहिवरून आलं.

आपल्या दादर चौपाटीवर हे गवत शोधू नका, इथल्या गढूळ पाण्यात त्याला उजेड मिळणार नाही. पण कोकण-गोव्याच्या काही खाड्यांत, खारफुटीच्या पायाशी चिखलात, हॅलोफिला बेकारी नावाची नखाएवढ्या पानांची जात तग धरून आहे. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती ‘असुरक्षित’ गटात नोंदली आहे. आणि तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात समुद्रगाईसाठी (डुगाँग, समुद्रात चरणारा सस्तन प्राणी) ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं, ते सागरी गवतासाठीसुद्धा, कारण समुद्रगाय दुसरं फारसं काही खातच नाही.

गणपतीआधी मी दुकानात गेले. मालकांनी बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि लेबल माल पुरवणाऱ्याकडून छापूनच येतं म्हणाले. मी दोन ओळी मराठीत लिहून दिल्या: ‘पाणथळ शेतात पिकवलेलं, लव्हाळ्याच्या कुळातलं गवत. समुद्रातलं नाही.’ त्यांनी तो कागद गल्ल्याच्या काचेखाली सरकवला. मागच्या आठवड्यात पाहिलं तर टोपल्यांवर पुठ्ठा जुनाच होता, आणि माझा कागदही काचेखाली तसाच होता.

टोपली म्हणून पाचपैकी चार. घेतलीत तर स्टँडवर ठेवा, आणि पैसे देताना लेबल बदलायला एकदा सांगा. दिवाळीआधी मी पुन्हा जाणार आहे, या वेळी हर्बेरियम शीट बरोबर घेऊन.