किंगडम कम डिलिव्हरन्स २ : जेवढं हेन्रीला दिसतं तेवढंच

आधीच सांगतो, हा पूर्ण गेमचा रिव्ह्यू नाहीये. स्टोरी कशी, ग्राफिक्स कसे, ते सगळ्यांनी लिहून झालंय. मला फक्त कॅमेऱ्यावर बोलायचंय, कारण आमच्या भांडुपच्या ग्रुपमधे या एका विषयावरून जेवढी डोकेफोड होते तेवढी आयपीएलवरूनपण होत नाही. अर्ध्या पोरांचं म्हणणं, आरपीजीमधे (म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेममधे) आपला हिरो पाठमोरा दिसलाच पाहिजे, नाहीतर एवढं चिलखत गोळा करून घालायचं कोणासाठी. बाकीचे म्हणतात समोर दिसला की तो 'तो' झाला, मी कुठे राहिलो. मी दुसऱ्या पार्टीतला, पण माझं कारण जरा वेगळंय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओचा गेम, ४ फेब्रुवारी २०२५ ला आला, पहिला भाग २०१८ चा. साल १४०३, जागा बोहेमिया म्हणजे आजच्या चेक रिपब्लिकमधे, नी आपण हेन्री, लोहाराच्या घरात वाढलेला पोरगा. जादू नाही, ड्रॅगन नाही, नी थर्ड पर्सन, म्हणजे हिरोच्या पाठीमागचा कॅमेरा, पण नाही. स्कायरिम या आरपीजीमधे पीसीवर एफ दाबलं की कॅमेरा बाहेर, परत दाबलं की आत, तसली सोयच ठेवलेली नाही. चालणं, घोडा, मारामारी, कुलपं फोडणं, सगळं हेन्रीच्या डोळ्यांतून, म्हणजेच फर्स्ट पर्सन.

आता फर्स्ट पर्सन आहे म्हणून माणूस आपोआप गुंततो असं काही नसतं हां. शूटर गेम बरेचसे फर्स्ट पर्सनच असतात, तिथे आपण म्हणजे दोन हात नी एक बंदूक, बाकी काही नाही. मला वाटतं खरी गंमत कॅमेरा काय लपवतो त्यात आहे. थर्ड पर्सनमधे तुम्ही भिंतीला चिकटून उभे असता नी नुसता कॅमेरा फिरवून कोपऱ्यापलीकडचा पहारेकरी निवांत बघून घेता. हिरोला दिसत नाहीये पण तुम्हाला दिसतंय, मग धाकधूक होणार कशी. इथे डोकं बाहेर काढल्याशिवाय कळतच नाही पलीकडे कोण आहे, नी डोकं काढलं की त्यालापण तुम्ही दिसणार.

हेल्मेटचंच घ्या. तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट घातलं की लढाईत स्क्रीनचा बराचसा भाग काळा होतो, मधल्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं. पावसाळ्यात फुल फेस हेल्मेटची काच आतून धुरकट झालेली असताना ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर बाइक चालवलीये कधी? सेम फीलिंग. डावीकडून कोण येतंय कळत नाही म्हणून सारखी मान फिरवायची, नी मान फिरवली की समोरचा एक ठेवून देतो. उघड्या तोंडाचं हेल्मेट घेतलं तर दिसतं सगळं पण वार थेट थोबाडावर. म्हणजे कुठलं चिलखत कशाला चांगलं ते आकडे वाचून ठरवायची गरज नाही, डोळ्यालाच कळतं. थर्ड पर्सनमधे हेच हेल्मेट नुसतं शोभेचं झालं असतं, मागच्या कॅमेऱ्याला काय फरक पडतोय फट बारीक आहे का मोठी. धनुष्याचं पण तसंच, क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) दिलेलाच नाही, बाणाच्या टोकाकडे बघून अंदाज बांधा, नी सुरुवातीला ससा सोडून झाडाला मारत बसा.

आणि ती घाणेरडेपणाची गोष्ट तर मला लय आवडली. हेन्रीच्या अंगावर चिखल, रक्त साचत जातं. खाली बघितलं तर हात-पाय दिसतात, पण स्वतःचं तोंड थोडंच दिसणार. आपण ऐटीत गावात शिरतो नी समोरचा माणूस वासावरून काहीतरी टोमणा मारतो, तेव्हा ट्यूब पेटते की हौदावर जाऊन तोंड धुवायला हवं. पाठमोरा हेन्री समोर असता तर हे मला आधीच दिसलं असतं नी तो टोमणा फुकट गेला असता.

अल्केमीचं, म्हणजे औषधं बनवायचं, टेबल बघा. रेसिपीचं पुस्तक बाजूला उघडं ठेवलेलं, आधी कढईत पाणी का वाइन ते बघायचं, पाला खलबत्त्यात कुटायचा, भात्यानं जाळ वाढवायचा, वाळूचं घड्याळ उलटं करायचं, नी पुढची स्टेप विसरलात तर मान वळवून परत पुस्तकात बघा, तोपर्यंत इकडे उकळतंय. एका मेन्यूत बटण दाबून औषध तयार होणाऱ्या गेम्सची सवय असेल तर डोक्याला शॉट वाटेल. मला नाही वाटला. लोहारकाम त्याहून भारी, सांडशीत धरलेलं लोखंड किती लाल आहे ते बघत ऐरणीवर ठोकायचं, ताल जमला की हेन्री शीळ घालायला लागतो. इतकी ओरिजिनल वाटते की आमच्या आईला वाटलं मीच घालतोय, दिवेलागणीच्या वेळी शिट्ट्या काय मारतोस म्हणून शिव्या खाल्ल्या.

आता विरोधी पार्टीचं पण ऐकू. विक्रोळीचा माझा एक मित्र विचर ३ या थर्ड पर्सन आरपीजीचा भक्त आहे, त्याचं म्हणणं त्यातला हिरो गेराल्ट दिसलाच नाही तर विचर कसला. बरोबरच आहे त्याचं. गेराल्ट आधीच घडलेला माणूस आहे, त्याची चाल, त्याचं तलवार फिरवणं, तो कंटाळलेला चेहरा, हे बघायला तर आपण खेळतो. आणि विचर बनवणाऱ्या कंपनीनं २०२२ च्या डिसेंबरमधे जो फुकट अपडेट दिला त्यात कॅमेरा जवळ आणायचा ऑप्शन टाकला, तो लावून एकदा त्यातल्या नोव्हिग्राड शहराच्या गल्ल्यांतून फिरा, गर्दी अंगावर येते. कॅमेरा थोडा पुढे सरकवला तर एवढा फरक.

त्याच कंपनीचा सायबरपंक २०७७ मात्र फर्स्ट पर्सन, गाडी चालवताना तेवढा कॅमेरा बाहेर येतो. तिथे गप्पा मारतानासुद्धा तुम्ही व्हीच्या, म्हणजे तुमच्या पात्राच्या, डोळ्यांतूनच बघता, समोरचा टेबलावर वाकून बोलतो तो थेट तुमच्याशी. पण व्ही कशी दिसते हे आपण तासभर बसून ठरवायचं, कपडे घ्यायचे, नी मग बघायचं आरशात नाहीतर फोटो मोडमधे! किंगडम कममधे उलटं, संवाद सुरू झाला की कॅमेरा बाहेर येतो नी हेन्रीचं तोंड दिसतं. तत्त्व म्हणून मला हे पटायला नको, पण पटलं. हेन्री काही मी बनवलेला नाही, त्याचं स्वतःचं दुःख आहे, हान्स केपन या मित्राबरोबरची त्याची बाचाबाची बघायला दोघांची तोंडं लागतातच. फक्त हातघाईच्या प्रसंगात मधेच बाहेर, मधेच आत असं झालं की लिंक तुटते.

बाल्डर्स गेट ३ हा आरपीजी वरून कॅमेरा ठेवतो, तिथे डोकं बुद्धिबळासारखं चालतं, नी बोलायची वेळ आली की चेहऱ्याजवळ नेतो. आणि डिस्को एलिसियम, २०१९ चा, पूर्ण वेळ वरूनच, माणूस एवढुसा दिसतो, तरी त्या हिरोच्या डोक्यात जेवढा मी शिरलो तेवढा कुठेच नाही, कारण त्याचे २४ स्किल्स, म्हणजे त्याच्या स्वभावातले गुण, सतत कानात बडबडत असतात. त्यामुळे फर्स्ट पर्सनच बेस्ट असं कोणी छाती ठोकून सांगायला लागलं तर त्याला डिस्को एलिसियम खेळायला द्या.

किंगडम कम कुठे मार खातो? तीन-चार जण अंगावर आले की. कॅमेरा एकावर लॉक होतो, बाकीचे नजरेबाहेर जातात, नी मग मागे मागे सरकत सगळ्यांना एका लाइनीत आणायची कसरत सुरू. खऱ्या माणसाचंपण असंच होईल हे मान्य, पण खऱ्या माणसाला कानामागे चाहूल लागते, इथे लॉक सुटेपर्यंत पाठीत बसलेली असते. घोड्यावरून जंगलात भरधाव जाताना फांद्या तोंडावर येतात ते एक, पण मजा आहे त्यात.

मोठा प्रश्न चक्कर येण्याचा. डोळ्याला वाटतं आपण पळतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसलोय खुर्चीत, या भांडणात मळमळतं. आणि मुंबईतल्या घरात याची एक वेगळीच भर आहे. आपल्याकडे कपाट नी पलंगाच्या मधे टेबल, मॉनिटर नाकासमोर हातभर अंतरावर. एवढ्या जवळून बघताना व्ह्यू अरुंद असेल तर त्रास वाढतो, सोफ्यावर लांब बसून खेळणाऱ्याला तेवढं जाणवत नाही. म्हणून पीसीवर पहिलं काम, फील्ड ऑफ व्ह्यू (स्क्रीनवर किती रुंद दिसतं ते) वाढवा, मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट करणारा इफेक्ट) बंद करा, ट्यूबलाइट चालू ठेवा. सवय झाली की २०२५ च्या एप्रिलमधे आलेला हार्डकोअर मोड बघा, त्यात नकाशावर तुम्ही कुठे आहात तेच दाखवत नाहीत, ओढा, देऊळ, रस्त्याचं वळण बघत जायचं. माझ्या मते हा गेम असाच खेळायचा असतो, पण पहिल्याच फेरीत नका करू, वाट लागेल.

ज्यांना फर्स्ट पर्सनमधे हमखास गरगरतं त्यांनी स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) घेताना एवढं लक्षात ठेवा, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत नी २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच पैसे परत मिळतात. आणि या गेमच्या सुरुवातीला कटसीन (नुसते बघायचे प्रसंग) भरपूर, गप्पा ऐकताऐकता वेळ कधी गेला कळत नाही. तेव्हा सगळ्या गप्पा मन लावून ऐकत बसू नका, मोकळं फिरायला मिळालं की आधी घोडा पळवून, दोन माणसांशी लढून बघा नी पोटात ढवळतंय का ते तिथेच ठरवा.