काइन हाबेलला काय म्हणाला? मुलांना बायबल सांगण्याच्या तीन तऱ्हा

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात एक वाक्य अर्ध्यावर तुटलं आहे. काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला... आणि पुढे काही नाही. काय म्हणाला ते हिब्रू मजकुरात आलेलंच नाही. लगेच दोघे शेतात आहेत, काइन भावावर उठतो आणि त्याला ठार मारतो. जुन्या ग्रीक भाषांतरात ‘चल, शेतात जाऊ’ अशा अर्थाचे शब्द आहेत आणि पुढच्या कित्येक भाषांतरांनी ते घेतले. त्यामुळे तुमच्या घरातल्या बायबलमध्ये ही फट बुजलेली असेलही.

सांगणारा नुसता ‘म्हणाला’ म्हणून थांबला, की मुलांना मात्र ती फट बरोबर दिसते. ‘‘पण तो म्हणाला काय?’’ हा प्रश्न मला इतक्या वेळा आला आहे, की आता मी त्याची वाटच बघतो.

उत्तर देण्याच्या तीन तऱ्हा आहेत. शास्त्रात आहे तेवढंच सांगून थांबायचं, ही पहिली. ज्यू रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, अशा फटींमधून उगवलेल्या ज्या कथा सांगितल्या, म्हणजे मिद्राश, त्या गोष्टीत मिसळून एकसंध सांगायचं, ही दुसरी. आणि तिसरी, मिद्राश सांगायचाच, पण शिवण दिसू द्यायची: इथवर पुस्तकात आहे, पुढचं एका रब्बीने सांगितलंय. रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्यांना, रात्री गोष्ट सांगणाऱ्या आईबापांना किंवा वाचनालयात गोष्टींचा तास घेणाऱ्यांना यातून निवड करावी लागते. माझा कौल तिसऱ्या तऱ्हेला आहे, पण सरसकट नाही. एके ठिकाणी तर मी मिद्राशच बाजूला ठेवतो, ते पुढे येईल.

आधी काइनचंच घेऊ

‘मिद्राश’ हा शब्द ‘दराश’ या हिब्रू धातूवरून आला आहे. शोधणं, विचारणं असा त्याचा अर्थ. उत्पत्तीवरचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह बेरेशीत रब्बा. तो साधारण पाचव्या शतकात, रोमी सत्तेखालच्या गालील भागात जुळवला गेला. काइन हाबेलला काय म्हणाला, यावर त्यात एकाहून जास्त उत्तरं आहेत. मुलांना सांगण्याजोगं पहिलं. दोघा भावांनी जग वाटून घेतलं. एकाने सगळी जमीन घेतली, दुसऱ्याने सगळ्या हलवता येणाऱ्या वस्तू. मग एक म्हणाला, ‘‘तू उभा आहेस ती जमीन माझी आहे, उड हवेत.’’ दुसरा म्हणाला, ‘‘तुझ्या अंगावरचे कपडे माझे आहेत, काढ.’’ तिथून हातघाई.

ही बांधावरची भाऊबंदकी आहे. सातबारा ज्या घरात एकदा तरी वाचला गेला आहे, तिथल्या मुलाला ती समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्या एका मतानुसार दोघांनी जमीनही वाटून घेतली आणि वस्तूही. भांडण लागलं ते मंदिर कुणाच्या हद्दीत बांधायचं यावर. रब्बींनी हे इतकं मागे नेऊन ठेवलं आहे की हसूही येत नाही.

आता तिन्ही तऱ्हा शेजारी ठेवा. पहिलीत मूल गप्प बसतं किंवा स्वतःच काहीतरी सुचवतं. हे वाईट नाही. दुसरीत त्याला उत्तर मिळतं आणि फट होती हेच कळत नाही. तिसरीत त्याला उत्तर मिळतं, शिवाय दुसरंही उत्तर आहे हे कळतं. मिद्राशच्या पानावर जागोजागी दोन शब्द भेटतात: ‘दावार अहेर’, म्हणजे ‘दुसरी गोष्ट’. एक अर्थ सांगून झाला की दावार अहेर, आणि लगेच त्याच्या उलट अर्थ. पहिला खोडला जात नाही, दोघे शेजारी राहतात. मिसळून सांगताना नेमके हेच दोन शब्द गळतात. म्हणून दुसऱ्या तऱ्हेत कथा मिद्राशची असली तरी रीत मिद्राशची राहत नाही, अशी माझी तक्रार आहे.

मिसळण्याची जुनी सवय

मिसळणाऱ्यांना दोष देण्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. ज्यू मुलं शतकानुशतकं मिसळलेलंच ऐकत आली. फ्रान्समधल्या त्र्वा गावचा राशी (1040–1105) याने तोराहवर, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवर, जे भाष्य लिहिलं, त्यात त्याने निवडक मिद्राश ओवले, आणि पाठशाळेतली मुलं मूळ वचन व राशी एका दमात शिकू लागली. परिणाम असा, की अब्राहामाने बापाच्या मूर्ती फोडल्या ही गोष्ट बायबलमध्येच आहे असं मानणारे आजही पुष्कळ भेटतात. ती तिथे नाही. आपल्याकडे लक्ष्मणरेषा आणि शबरीची उष्टी बोरं वाल्मीकींच्या रामायणात शोधायला जा, तसाच प्रकार.

मूर्तींची गोष्ट बेरेशीत रब्बात आहे. अब्राहामाचा बाप तेरह मूर्ती विकतो. एक दिवस तो पोराला दुकानात बसवून बाहेर जातो. गिऱ्हाईक आलं की अब्राहाम वय विचारतो. ‘‘साठ.’’ ‘‘साठ वर्षांचा माणूस कालच्या मूर्तीपुढे वाकणार?’’ गिऱ्हाईक शरमून निघून जातं. मग एक बाई नैवेद्याला पीठ आणते. अब्राहाम काठीने सगळ्या मूर्ती फोडतो आणि काठी सर्वांत मोठ्या मूर्तीच्या हातात देतो. बाप परत येतो तेव्हा सांगतो, पिठावरून यांचं भांडण झालं, मोठ्याने बाकीच्यांना फोडलं. ‘‘माझी थट्टा करतोस? यांना काही कळतं का?’’ यावर अब्राहाम म्हणतो, तुझं तोंड काय बोलतंय ते तुझ्या कानांना ऐकू दे.

रचना म्हणून ही कथा अफलातून आहे. ती येते ती एका मोठ्या फटीतून: बाराव्या अध्यायात देव अब्राहामाला एकाएकी ‘नीघ’ म्हणतो, पण याच माणसाला का, ते मजकूर सांगत नाही. कुराणातही इब्राहिमाने मूर्ती फोडल्याचा प्रसंग आहे. तरीही शेजारी गणपती बसणाऱ्या आपल्या सोसायटीत, सहा वर्षांच्या मिश्र घोळक्यापुढे, ही गोष्ट मी सांगत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सांगतो, आणि आधी प्रश्न सांगतो: अब्राहामच का? मग तुम्हाला काय वाटतं ते विचारतो, आणि त्यानंतर रब्बी काय म्हणाले ते. मिसळून सांगणाऱ्याला ही सोय नसते. गोष्ट त्याच्या तोंडून शास्त्र म्हणून बाहेर पडते, आणि शेजारच्या घरी जाते तीही शास्त्र म्हणून.

याच कथेचा पुढचा भाग मराठीत लंगडा पडतो. निम्रोद राजा अब्राहामाला भट्टीत टाकतो. त्याचा आधार असा की ‘ऊर’ हे गावाचं नाव हिब्रूत ‘आग’ असंही वाचता येतं. श्लेष गेला की भट्टी कुठून आली ते कळत नाही. असे शब्दखेळावर उभे असलेले मिद्राश मराठीत सांगायचे झाले तर कोटी समजावून सांगावी लागते, आणि समजावलेल्या कोटीला कोण हसतं? ते सरळ वगळावेत.

जिथे साधा मजकूरच बरा

याकोब वीस वर्षांनी घरी परततोय. ज्याला फसवून तो पळाला, तो एसाव चारशे माणसं घेऊन समोर येतोय. आणि तेहतिसाव्या अध्यायात एसाव धावत येतो, भावाला मिठी मारतो, गळ्यात पडतो, चुंबन घेतो, दोघे रडतात. तोराहच्या हस्तलिखित गुंडाळीत ‘त्याचे चुंबन घेतले’ या शब्दावर ठिपके असतात. ठिपके का, यावर मिद्राशमध्ये दोन मतं आहेत. रब्बी शिमोन बेन एलाझार म्हणतो, त्या घडीला एसावाला माया दाटून आली, त्याने अगदी मनापासून चुंबन घेतलं. रब्बी यन्नाय म्हणतो, तो चुंबन घ्यायला नव्हे, चावायला आला होता. पण याकोबाची मान संगमरवरासारखी कठीण झाली आणि एसावाचेच दात दुखावले.

दातांची गोष्ट मुलांना भयंकर आवडते, हे खरं. पण तिच्यामागे रोम आहे. रब्बींच्या भाषेत एसाव म्हणजे रोम, ज्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं तो. त्या वेदनेतून एसाव काळा होत गेला. मूळ मजकुरातला एसाव मात्र ज्याला फसवलं गेलं आणि ज्याने तरी मिठी मारली असा भाऊ आहे. आठ वर्षांच्या मुलाला मी तोच देतो. मुलांसाठीच्या बऱ्याच रंगीत पुस्तकांत चावणारा एसाव किंवा निदान दुष्ट एसाव सरळ कथेत मिसळलेला दिसतो. निवड करताना हे पान आधी उघडून बघा. पुस्तक कसं आहे ते तिथेच कळतं.

योसेफाची गोष्टही मी जवळजवळ काही न घालता सांगतो. झगा, खड्डा, स्वप्नं, पेला: तिथे भर घालायची गरजच पडत नाही.

वयाचा हिशेब

चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘हे पुस्तकातलं, हे रब्बीचं’ सांगण्यात अर्थ नाही. तिथे दुसरी तऱ्हा चालते, फक्त निवड निरुपद्रवी हवी. नोहाचं तारू घ्या. तालमूद म्हणजे रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ; त्याच्या सन्हेद्रीन भागात (108ब) नोहाचा मुलगा शेम त्या दिवसांचे हाल सांगतो: दिवसा खाणाऱ्यांना दिवसा घालायचं, रात्री खाणाऱ्यांना रात्री. एक झिकिता नावाचा प्राणी होता, बहुतेक जण त्याला सरडा समजतात. तो काय खातो तेच कळेना. एक दिवस नोहा डाळिंब कापत होता, आतून किडा पडला, याने तो गट्टम केला. आणि एक पक्षी कोपऱ्यात उपाशी पडून होता. ‘‘तुला खायला नको?’’ ‘‘तुम्ही कामात दिसलात, म्हटलं त्रास कशाला द्या.’’ या कथेत कुणी कुणाला शिकवत नाही, फक्त घरात आजारी माणूस असल्यासारखी दगदग आहे. लहान मुलांना एवढं पुरतं.

सात-आठच्या पुढे मात्र शिवण दाखवावी. न दाखवल्यास तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल स्वतः मजकूर उघडतं, मूर्ती सापडत नाहीत, आणि मग बाकीच्या गोष्टींवरही शंका घेतं.

रविवारच्या शाळेतल्या शिक्षकांची अडचण वेगळी असते: शास्त्राबाहेरचं सांगावं का? त्यांनी तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, तिसरा अध्याय काढून बघावा. मोशेला विरोध करणाऱ्यांची नावं तिथे यान्नेस आणि यांब्रेस अशी दिली आहेत. मोशेची गोष्ट जिथे आहे त्या निर्गम पुस्तकात ही नावं नाहीत. ती ज्यू परंपरेत तोंडोतोंडी चालत आलेली. म्हणजे दार अगदीच बंद नव्हतं. तरी त्यांच्यासाठी तिसरी तऱ्हाच सोयीची. शास्त्र आणि कथा यांची सरमिसळ केली असा ठपका येत नाही.

हे मराठीत आधीच झालेलं आहे

कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांमुळे हा सगळा व्यवहार मराठीला नवा नाही. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेची आठवण म्हणजे वल्हांडण सण; त्या रात्री वाचायची हग्गादा मुंबईत 1846 साली हिब्रू-मराठीत छापली गेली, आणि 1874 साली पुण्यात चित्रांसह. हग्गादा म्हणजे घरात मुलांना गोष्ट सांगण्याचं पुस्तक, आणि तिच्यात मिद्राश ठासून भरला आहे. तिच्यात चार मुलगे येतात: शहाणा, दुष्ट, भोळा, आणि ज्याला विचारताच येत नाही तो. एकच गोष्ट, उत्तरं चार. चौथ्यासाठी सूचना आहे: तूच त्याला बोलतं कर. तिथेच रब्बींचा हिशेबही आहे. देवाने मिसरी लोकांवर मिसरात पीडा आणल्या 10, तर तांबड्या समुद्रावर किती? रब्बी योसे 50 म्हणतो, रब्बी एलिएझर 200, रब्बी अकिवा 250. पाढे पाठ करणाऱ्या वयाच्या मुलांना हा भाग फार रंगतो, आणि कोण बरोबर ते पुस्तक सांगत नाही. तिसऱ्या तऱ्हेचा यापेक्षा सोपा नमुना मला माहीत नाही.

मग 1880च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी हिंदू कीर्तनाचा साज उचलून बेने इस्राएल कीर्तन सुरू केलं. योसेफ, मोशे यांची आख्यानं, मराठी चालींवर. कीर्तनाच्या रचनेत शिवण आपोआप दिसते. आख्यान चालू असतं, बुवा थांबतात, पद म्हणतात, चार शब्द आपले बोलतात, पुन्हा आख्यान. समोरच्या पोरालाही कळतं की आता बुवा बोलतायत. तिसरी तऱ्हा अवघड वाटत असेल तर असा आवाज बदला, जागा बदला, चष्मा काढा. मी चष्मा काढतो. चष्मा हातात असला की मुलं समजतात, रब्बी आले.

वेळेचं सांगायचं तर पहिली तऱ्हा पाच मिनिटांत होते, तिसरीला वीस लागतात आणि गोष्ट कधीकधी संपतच नाही. तुमच्याकडे पंधरा मुलं आणि अर्धा तास असेल तर एका बैठकीत एकच फट घ्या. झोपताना सांगत असाल तर पहिलीच बरी. फटी उघडल्या की झोप उडते.

सुरुवात करायची असेल तर तांबड्या समुद्रापासून करा. मिसरातून निघालेल्या इस्राएली लोकांच्या मागे फारो राजाचे रथ, पुढे पाणी. निर्गम सांगतं की समुद्र दुभंगला. पहिला पाय कुणी टाकला ते सांगत नाही. सोटा नावाच्या तालमूद ग्रंथात (37अ) रब्बी मेयर म्हणतो, सगळे वंश ‘आधी मी, आधी मी’ करत भांडत होते, तेवढ्यात बन्यामिनाचा वंश पाण्यात उतरला. रब्बी यहूदा म्हणतो, असं झालंच नाही. जो तो ‘मी नाही जाणार आधी’ म्हणत होता, आणि मग अम्मीनादाबाचा मुलगा नहशोन याने उडी मारली. मी दोन्ही सांगतो आणि मुलांना दोन गटांत उभं करतो. गेल्या खेपेला एक मुलगी मधेच उभी राहिली. तिचं म्हणणं, आधी सगळे ‘मी नाही’ म्हणाले असतील, आणि नहशोन बुडाला नाही हे बघितल्यावर ‘आधी मी’ सुरू झालं असेल.