पत्ता पाहून अडवायचं की गुण देऊन?

महाप्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याचा मेल सर्व्हर धरा. स्पॅम रोखायला दोन वाटा आहेत.

पहिली, पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत असेल तर दारातच ५५४ हा नकाराचा कोड देऊन मेल परत. मजकूर उतरवावाच लागत नाही, म्हणून ही वाट फार स्वस्त. पण शेअर्ड होस्टिंगवर एका आयपीमागे शेकडो डोमेन असतात. त्यातलं एक खातं हॅक झालं की तुर्भ्याच्या पुरवठादाराचं कोटेशनही अडतं. वैतागून अख्खा /२४ (लागोपाठच्या आयपींचा गट) बंद केलात तर २५६ पत्ते एका फटक्यात गेले.

सगळ्यात घातक चूक वेगळीच. स्पॅमहाउसला (अशी काळी यादी चालवणारी संस्था) ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) विचारलं, तर १२७.२५५.२५५.२५४ हे उत्तर येतं. विचारण्यात चूक झाली एवढंच ते सांगतं, 'यादीत आहे' असा अर्थ नाही. पण कोणतंही उत्तर म्हणजे स्पॅम असं सेटिंग असेल तर झाडून सगळी मेल परत जाते! स्वतःचा रिझॉल्व्हर लावा आणि पोस्टफिक्समध्ये (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरं 'यादीत आहे' म्हणून ग्राह्य धरा.

दुसरी वाट स्पॅमअसॅसिन या स्पॅम ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची: यादीतल्या नोंदीला थोडे गुण, मजकुराला थोडे, आणि बेरीज ५ या मूळ मर्यादेला पोचली की मेल स्पॅम. प्रोसेसर जास्त लागतो. शिवाय मेल स्पॅम फोल्डरमध्ये पडली तर पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. ५५४ मध्ये निदान कळतं तरी. तरीही ऑर्डरी मेलवर येत असतील तर आम्ही गुणांचीच वाट धरू, आणि तो फोल्डर रोज उघडून बघायला लावू.